मेडिकल बोर्डाने लिहिलेली ती एक ओळ

वाचकाचं पत्र

सुभेदारसाहेब, नमस्कार.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, वाळपईच्या पुढच्या गावचे. यजमान मराठा लाइट इन्फंट्रीतून 2019 साली हवालदार म्हणून पेन्शन आले. चोवीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी तरी काश्मीर आणि अरुणाचलात. सुटताना मेडिकल बोर्डाने हाय बीपी लिहिला, 30 टक्के, आजीवन. तरी डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. पहिलं अपील केलं, तेही 2021 मध्ये फेटाळलं. तेव्हापासून कागद ट्रंकेत पडून आहेत. शेजारच्या गावातल्या एका माजी नाईकांना मात्र साखरेच्या आजारावर मुंबईच्या लष्करी ट्रिब्युनलने पेन्शन दिली. मी म्हणते आपणही जाऊया. हे म्हणतात, ज्या पलटणीचं मीठ खाल्लं तिच्यावर केस घालणार नाही. कुणीतरी असंही घाबरवलंय की अपील हरलं तर चालू पेन्शनही कापतात. आता एक एजंट घरी येऊन गेला. मिळतील त्या पैशांतले 30 टक्के द्या, बाकी मी बघतो, म्हणतो. खरं काय ते सांगा. जिंकलं तर नक्की काय मिळतं, हरलं तर काय जातं? बोर्डाच्या कागदांचे आणि अपिलाचे फोटो सोबत पाठवते आहे.

– एका हवालदाराची बायको, सत्तरी


वहिनी,

आधी ती भीती काढून टाका. चालू पेन्शनला कुणी हात लावत नाही. ती सर्व्हिस पेन्शन, चोवीस वर्षांच्या नोकरीची. डिसॅबिलिटीचा वाद तिच्याबाहेरचा आहे. अपील हरलं तर आज खात्यात जेवढे येतात तेवढेच येत राहतील. ज्याने हे तुमच्या कानात घातलं त्याला विचारा, अशी कुणाची कापली, जरा नाव सांग. गप्प बसेल.

आता फोटो. तुम्ही पाठवलेत ते बरं केलंत, कारण बहुतेक लोक मला फक्त नामंजुरीचं पत्र पाठवतात आणि त्या पत्रात वाचण्यासारखं काही नसतं. ते छापील साच्यातून निघतं, नाव आणि नंबर तेवढा बदलतो. खरा निकाल असतो रिलीज मेडिकल बोर्डाच्या फॉर्म 16 मध्ये, मंडळाचं मत लिहितात त्या तक्त्यात. तुमच्या फोटोत तो तक्ता आहे. आजाराचं नाव, प्रायमरी हायपरटेन्शन, म्हणजेच हाय बीपी. सेवेमुळे झाला का, नाही. सेवेमुळे बळावला का, नाही. सेवेशी संबंध नाही, होय. आणि शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात कारण दिलंय, त्याचा अर्थ असा: आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या ठाण्यावर सुरू झाला, फील्ड (सीमेवरचा किंवा मोहिमेचा भाग), हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सच्या (अतिरेकीविरोधी मोहिमेच्या) ड्युटीशी त्याचा जवळचा कालसंबंध नाही.

तुमचा सगळा वाद या एका ओळीशी आहे. 30 टक्के त्यांनी मान्य केलेत, आजीवन मान्य केलेत, आजार नोकरीत झाला हेही मान्य केलंय. नाकारलंय ते फक्त नातं.

याच फॉर्मच्या पहिल्या भागाचा फोटो पाहा. तिथे यजमानांच्या पोस्टिंगची यादी आहे आणि प्रत्येक जागेपुढे पी किंवा एफ, म्हणजे पीस की फील्ड. काश्मीरमधल्या राष्ट्रीय रायफल्सच्या पोस्टिंगपुढे एफ आहे आणि ती संपते नोव्हेंबर 2013 ला. पुढची ओळ बेळगाव, पी. बीपी पहिल्यांदा नोंदला गेला तो बेळगावला, एप्रिल 2014 मध्ये. मध्ये गेले पाच महिने. म्हणजे माणूस अतिरेकीविरोधी मोहिमेतून खाली उतरला, रजेवर घरी आला, परत हजर झाला, आणि पहिल्याच तपासणीत बीपी सापडला. बोर्डाला यात जवळचा कालसंबंध दिसला नाही! मी रेकॉर्ड ऑफिसच्या कारकुनीत असे तक्ते बरेच हाताळले. पोस्टिंगची यादी आणि मताचा रकाना एकाच फॉर्मवर असतात, पण लिहिणारा पान मागे उलटून बघतोच असं नाही.

हे महत्त्वाचं का, ते सांगतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी लष्करी पेन्शनची एक मार्गदर्शिका आहे, 2002 सालची, 2008 मध्ये सुधारलेली. हायपरटेन्शनबद्दल तिची भूमिका अशी की प्रायमरी हायपरटेन्शन सेवेमुळे उद्भवला असं कधीच मानायचं नाही. मात्र तो फील्ड, हाय अल्टिट्यूड, सीआय ऑप्स किंवा लांबच्या समुद्रसेवेत सुरू झाला असेल तर सेवेमुळे बळावला असं मानायचं. आता यजमानांचं 2021 चं अपील काढा. दोन्ही पानं मी वाचली. पहिलं पान घरची परिस्थिती, मुलींचं शिक्षण, घराचं कर्ज. दुसऱ्या पानावर मागणी, की आजार सेवेमुळेच झाला असं मान्य करावं. म्हणजे जे मार्गदर्शिका कधीच देत नाही तेच मागितलं, आणि जे देऊ शकते त्याचा उल्लेखच नाही. पेन्शनच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, झाला काय किंवा बळावला काय, रक्कम तीच. पण दार वेगळं आहे. पुढच्या प्रत्येक कागदावर मागणी ‘सेवेमुळे बळावला’ हीच असली पाहिजे. कर्जाचं आणि शिक्षणाचं लिहू नका. अपील ऐकणाऱ्या समितीतली माणसं दगड नसतात, पण त्यांच्यासमोरचा प्रश्न तो नसतो.

एक काम यजमानांना आजच लावा. काश्मीरच्या त्या पोस्टिंगमध्ये एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, डोकेदुखी, चक्कर, झोप न लागणं, अशा कशासाठी ते गेले होते का? सिक रिपोर्टची नोंद, वार्षिक तपासणीतलं बीपीचं रीडिंग, काहीही. फौजेतला गडी असल्या तक्रारी सांगत नाही, हे मला ठाऊक आहे, पण वार्षिक तपासणी तर सगळ्यांचीच होते. 2012 किंवा 2013 च्या तपासणीत वरचा आकडा जरी चढता निघाला, तरी बोर्डाची ओळ तिथेच लंगडी पडते. हे कागद घरी नसतील तर बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. वैद्यकीय कागदपत्रांची पूर्ण प्रत मागा, निवडक पानं नकोत. चोर्ला घाटातून बेळगाव तुम्हाला जवळ आहे, जाऊन विचारायला हरकत नाही, पण अर्ज स्पीड पोस्टानेच करा. तोंडी विचारलेल्याचा पुरावा उरत नाही.

आणि समजा फील्डमधलं एकही रीडिंग सापडलं नाही, तरी केस मरत नाही. 2 जुलै 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने धर्मवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात जे सांगितलं, त्यावर आजही देशभरातले असे दावे उभे राहतात. तो सिग्नल कोअरचा जवान होता, 1985 चा भरती, आकडीच्या आजारामुळे घरी पाठवलेला. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी तपासून धडधाकट म्हणून घेतलंत, तेव्हा कागदावर आजार नोंदवला नाहीत, तर नंतर झालेला आजार सेवेतला आहे असं गृहीत धरावं लागेल. तसं नसेल तर बोर्डाने कारणं द्यायला हवीत, आणि ते सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. त्याच निकालात सैन्याच्या वैद्यकीय सेवांच्या नियमावलीतला 423 वा नियमही आलाय. आजाराचं कारण फील्डमध्ये घडलं की शांततेच्या काळात, याने फरक पडत नाही, असं तो नियम सांगतो. आणि अजूनही बोर्डं ‘पीस स्टेशन’ हे दोन शब्द लिहून मोकळी होतात.

तुमच्या शेजारच्या नाईकांचं कोडंही इथेच सुटतं. साखरेच्या आजारावर बोर्डं हेच कारण देत आली. मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका मधुमेहाच्या प्रकरणात सरकारची याचिका फेटाळताना स्पष्ट केलं की पीस स्टेशनला आजार झाला एवढं म्हणणं पुरेसं कारण नाही. तेव्हा त्यांचा आजार वेगळा असला तरी कारणाची ओळ बहुधा सारखीच होती. त्यांच्या निकालाची प्रत मागून घ्या. देतील. फौजी माणूस असल्या बाबतीत हात आखडत नाही.

पण एकच बाजू सांगितली तर मी त्या एजंटाच्या पंक्तीला बसेन. ट्रिब्युनलात गेलेला प्रत्येक जण हसत परत येत नाही. मेडिकल बोर्ड तज्ज्ञ आहे, त्याच्या मताला वजन द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये दामोदरन प्रकरणात सांगितलंय, आणि 2019 मध्ये एका मानसिक आजाराच्या दाव्यात जवानाचं अपील फेटाळलंही आहे. रजेवर असताना गावात मोटरसायकलवरून पडलात आणि त्याचा ड्युटीशी धागा जोडता येत नाही, तर दावा सहसा टिकत नाही. आणि टक्के 20 च्या खाली असतील तर वेळ संपून निवृत्त झालेल्याला काहीच मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 डिसेंबर 2019 च्या निकालानंतर त्यात वाटच उरली नाही, खालचे टक्के वर नेण्याची सवलतही तिथे लागू नाही. बोर्डाने 15 ते 19 लिहिलेले कितीतरी गडी आहेत, त्यांनी आधी टक्क्यांशी भांडायला हवं. तुमचे 30 आहेत. तो अडथळा तुम्ही पार केलेला आहे.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे पात्रता नियम लागू झालेत. त्यानंतर सुटलेल्यांनी जुन्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये. वहिनी, तुमचे यजमान 2019 चे, त्यांना 2008 चेच नियम. त्यात एक कलम असंही आहे की निवृत्तीनंतर पंधरा वर्षं उलटल्यावर दावा केला तर सिद्ध करण्याचा भार जवानावर येतो. तुम्ही अजून त्या रेषेच्या खूप अलीकडे आहात, म्हणून म्हणतो, ट्रंक उघडा.

आता जिंकलं तर काय मिळतं, ते रुपयांत सांगतो. 100 टक्के डिसॅबिलिटीला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, हा हिशेब. पगारात मूळ वेतन आणि 5,200 रुपये एमएसपी (मिलिटरी सर्व्हिस पे) धरतात. यजमानांचे दोन्ही मिळून 45,000 होते असं समजू, नेमका आकडा पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, मिळेल. 45,000 चे 30 टक्के झाले 13,500. ते 100 टक्क्यांचे. 30 टक्के डिसॅबिलिटीला 4,050. पण इथे राउंडिंग ऑफ लागतं. 50 च्या आतले टक्के 50 धरायचे, त्यावरचे 75 पर्यंत 75, पुढचे 100. हा फायदा पूर्वी आजारामुळे मुदतीआधी काढलेल्यांनाच देत. 10 डिसेंबर 2014 ला राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला. तेव्हा तुमचे 30 चे होतात 50, आणि 4,050 चे होतात 6,750. महिन्याला, त्यावर महागाई भत्ता वेगळा, आयुष्यभर. अर्जात राउंडिंग ऑफची मागणी वेगळी लिहायला सांगा. वकील विसरतात, मग 4,050 हातात पडतात आणि उरलेल्यासाठी दुसरी फेरी.

मागची थकबाकी मात्र 2019 पासून मिळेल अशी आशा धरू नका. 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून सर्वसाधारण चाल अशी की अर्ज दाखल केला त्या दिवसाच्या मागची तीन वर्षं, त्याआधीचं नाही. म्हणजे 36 महिन्यांचे 2,43,000 आणि त्यावरचा भत्ता. कागद ट्रंकेत पडून राहिले तो प्रत्येक महिना तुम्हाला 6,750 ला पडतोय, कारण पुढे एक महिना सरला की मागचा एक गळतो. हे वाक्य यजमानांना वाचून दाखवा. मीठ-पाण्याच्या गोष्टींपेक्षा याचा परिणाम लवकर होईल असं मला वाटतं.

तरी त्यांच्या मिठाबद्दलही बोलू, कारण ही अडचण खरी आहे आणि मी तिला हसणार नाही. पलटणीत वाढलेला माणूस पलटणीचं नाव कोर्टाच्या कागदावर बघू शकत नाही. पण कागदावर पलटण नसतेच. पहिला प्रतिवादी भारत सरकार, संरक्षण सचिवांमार्फत. मग सेनाप्रमुख, रेकॉर्ड ऑफिस आणि प्रयागराजचं पेन्शन कार्यालय. त्यांच्या कमांडिंग ऑफिसरला किंवा कंपनीला कुणी काही विचारत नाही. आणि असे दावे सरकारने लढवत बसू नयेत, हे कुणा बाहेरच्याने सांगितलेलं नाही. आपले मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये त्यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. जवानांच्या डिसॅबिलिटीच्या निकालांविरुद्ध मंत्रालय अपिलावर अपील करत राहतं, यावर तिने कडक ताशेरे ओढले. डिसेंबर 2024 मध्ये तर काश्मीरमध्ये गस्तीवर असताना थंडीने दगावलेल्या जवानाच्या पत्नीला कोर्टात खेचल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सरकारला 50,000 रुपयांचा दंड केला. यजमानांनी फौजेशी बेइमानी केली असं यातल्या कुणालाच वाटणार नाही. नियमाने जे द्यायचं ते मागणं, एवढंच हे आहे.

पुढचा रस्ता. पहिल्या अपिलानंतर दुसरं अपील असतं, संरक्षण मंत्रालयाच्या वरच्या समितीकडे, आणि त्याची मुदत सहा महिने. ती केव्हाच गेली. तरी उशिराची माफी मागून ते आता पाठवता येतं, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. त्याचं उत्तर सहा महिन्यांत आलं नाही तर ट्रिब्युनलचा कायदा असं समजतो की तुम्ही घरचे, म्हणजे खात्यातले, उपाय करून झालात, आता या. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं मुंबई खंडपीठ गोव्यासाठी आहे. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करू शकतो, बेळगावला किंवा दिल्लीला जायची गरज नाही. अर्जासोबत उशीर माफ करण्याचा अर्ज लागेल. पेन्शनच्या बाबतीत ट्रिब्युनल त्यावर फार अडवत नाही, कारण दर महिन्याला न मिळणारी रक्कम ही चालू राहिलेली चूक मानली जाते. वकिलाला एक प्रश्न जरूर विचारा: पहिलं अपील फेटाळलेलं असताना थेट ट्रिब्युनलात जाता येईल का? कायद्यात ‘साधारणपणे’ सगळे उपाय संपवा असं आहे, अगदी लोखंडी दार नाही. मी तुमच्या जागी असतो तर दुसरं अपील या आठवड्यात पाठवलं असतं आणि त्याच दिवशी वकील शोधायला लागलो असतो. यजमानांना प्रत्येक तारखेला थिवीहून मुंबईची गाडी पकडायची गरज नाही, वकील हजर असला की पुरे.

ट्रिब्युनलच्या निकालांचे तीन प्रकार पडतात. फेटाळलं, तर वर सांगितलं तेच, आहे ती पेन्शन आहे तशी. दुसरा प्रकार म्हणजे प्रकरण परत पाठवणं. नव्या मेडिकल बोर्डासमोर हजर व्हा, मग ठरवू. लोक हे ऐकून निम्मं जिंकल्यासारखे घरी येतात. मला तो निकाल तुमच्यासाठी नको आहे. नवं बोर्ड आजचा बीपी मोजेल, आणि गोळ्यांनी बीपी ताब्यात असला तर टक्क्यांवरच प्रश्न उभा राहायचा. तुमचा वाद टक्क्यांचा नाहीच, कारणाच्या ओळीचा आहे, आणि ती ओळ जुन्या कागदांवरूनच तपासता येते. वकिलाने आपण होऊन नवं बोर्ड मागू नये, हे त्याला पहिल्या भेटीतच सांगा. ज्यांचं बोर्ड दोन किंवा पाच वर्षांपुरतं असतं त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना पुन्हा तपासणी टळत नाही.

तिसरा प्रकार, मंजूर. अनेक आदेशांत चार महिन्यांत पैसे द्या, नाही दिले तर 8 टक्के व्याज, असं असतं. चार महिने सरकारी चार महिने असतात, तेव्हा पेढे वाटायची घाई नको. 21 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने ट्रिब्युनलच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते हे पक्कं केलं. ते जवानांच्या हिताचं होतं, त्याआधी हरलेल्या जवानाला दिल्लीच गाठावी लागायची, आता पर्वरीचं उच्च न्यायालय आहे. पण तीच वाट सरकारही वापरतं. कधी पैसे ‘सशर्त मंजुरी’ म्हणून सोडतात, म्हणजे वर निकाल फिरला तर परत घेऊ. तसा पीपीओ आला तर नाकारू नका, पण त्या पैशांत घराची नवी खोली बांधायला काढू नका. आणि चार महिन्यांनंतर काहीच हललं नाही तर त्याच ट्रिब्युनलात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. तेव्हा मात्र फाइल धावते.

वेळ किती लागेल ते मी सांगत नाही. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सियाचीनला आकडी आलेल्या, 1989 मध्ये घरी पाठवलेल्या एका जवानाला 50 टक्के डिसॅबिलिटी पेन्शन दिली. त्याचा हिशेब तुम्हीच करा. बहुतेकांचं इतकं लांबत नाही, पण वर्षभरात होईल असं सांगणारा तुम्हाला काहीतरी विकतोय.

यावरून तुमचा एजंट. 2,43,000 चे 30 टक्के म्हणजे 72,900. तो अर्ज कुठल्या तरी वकिलाकडूनच घालणार, आणि वकिलाला निकालावर ठरलेली किंवा मिळालेल्या रकमेतल्या वाट्याची फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. तेव्हा जो हे करतो तो एकतर वकील नाही किंवा नियम पाळणारा नाही. कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या चेकवर सही झाली असेल तर ती आधी परत घ्या. त्याऐवजी पणजीला सैनिक कल्याण खात्याच्या कार्यालयात जा. 26 जुलै 2025 ला राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना सुरू केली, ती जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत देण्यासाठीच आहे. तिथे या योजनेचं नाव घेऊन विचारा. वकील खासगीच करायचा असेल तर एकरकमी फी ठरवा, ती लिहून घ्या आणि पावती मागा.

जाता जाता एक बारीक गोष्ट, कारण तुमच्या फोटोंत ती मला खटकली. पीपीओवर यजमानांच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एक आहे आणि आधार कार्डावर वेगळं. गोव्यात हे घरोघरी आहे, एकाच घरात भावाभावांची स्पेलिंगं जुळत नाहीत. पण आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवरून येते आणि तिथे एका अक्षराच्या फरकावर थकबाकी अडकते. निकालाची वाट न बघता आधी ते दुरुस्त करून घ्या. तुमचं आणि मुलींचं नाव पीपीओत कसं लागलंय तेही त्याच वेळी बघा. अर्ज चालू असताना यजमानांचं काही बरंवाईट झालं तर थकबाकीवर हक्क वारसांचा असतो, आणि तेव्हा स्पेलिंगसाठी खेटे घालायची तुमच्यावर पाळी नको.

दुसऱ्या अपिलाचा मसुदा झाला की मला पाठवा. दीड पानापेक्षा मोठा नको.